पिवळ्या खिडकीच्या जागी

माझ्या कॉम्प्युटरवर ‘नवीन’ नावाच्या एकतीस फायली आहेत. नवीन, नवीन दोन, नवीन खरं, नवीन शेवटचं, नवीन अगदी शेवटचं. त्यांपैकी एकात डिंकाच्या लाडवांचं प्रमाण आहे आणि एकात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचा अहवाल आहे, इतकं मी सांगू शकते. बाकी एकोणतीसांत काय आहे ते देव जाणे. माझ्या यजमानांना हे कळलं त्या दिवशी ते शांतपणे उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

हवाई दलात तीस वर्षं काढलेला माणूस आहे. त्यांच्या हत्यारांच्या कपाटात प्रत्येक पान्याच्या मागे त्या पान्याची बाह्यरेषा काढलेली आहे, म्हणजे पाना जागेवर नसला तर त्याचं रिकामं भूत दिसावं. निवृत्तीनंतर चंडीगडला राहायचं त्यांनी ठरवलं तेही मला वाटतं सेक्टरांच्या आकड्यांवर भाळूनच. “या गावासारख्या फायली ठेवाव्यात माणसाने,” ते मला म्हणतात. “अठ्ठेचाळीस म्हटलं की अठ्ठेचाळीस.” आम्ही अठ्ठेचाळीस सेक्टरात राहतो. मी म्हणते, “अहो, गावात पत्ता लागतो, कारण तिथे माणूस पत्ता विचारतो. मला पत्ता विचारावाच लागत नाही. मी नाव घेते आणि वस्तू समोर येते.”

वीस-बावीस वर्षं हे खरं होतं. माझ्याकडे पिवळी खिडकी होती.

तिचं खरं नाव काहीतरी इंग्रजी आणि आकडेवालं होतं, पण मी तिला कायम पिवळी खिडकी म्हणत आले. राजस्थानातल्या पोस्टिंगवर असताना एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर ती मिळाली. फायली शोधायचा प्रोग्रॅम. हळदीच्या रंगाची एक चौकट, तिच्यात शब्द लिहायला एक रकाना आणि खाली एक बटण. तुम्ही शब्द लिहायचा, ती सगळी डिस्क धुंडाळून सांगायची की हा शब्द अमुक फायलीच्या पोटात आहे, आणि ती ओळही काढून दाखवायची. फायलीचं नाव काय, कुठे ठेवली, कधी ठेवली, याची तिने मला कधी उलटतपासणी घेतली नाही. अशी सून मिळाली तर सासवांना तक्रारीला जागा राहणार नाही.

पण मी तिच्यावर जीव टाकायचे त्याचं कारण वेगळं होतं. त्या काळात कॉम्प्युटरवर मराठी लिहायची म्हणजे सोंग असायचं. आतमध्ये इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. त्यांना बाहेरून देवनागरी फॉन्टचे कपडे. फॉन्ट असेल तर ‘आई’, नसेल तर नुसतं कडबोळं. बाकीच्या प्रोग्रॅमांच्या रकान्यात मला ते कडबोळंच दिसायचं. पिवळ्या खिडकीच्या रकान्याला मात्र आपला फॉन्ट देता यायचा. मी तिथे ‘कोथिंबीर’ लिहिलं की मला कोथिंबीरच दिसायची. ज्याने कुणी ती बनवली त्याला मराठी येत नसणार, पण त्याने माझ्यासारख्या बाईसाठी एक फट ठेवली होती, आणि त्या फटीतून मी वीस वर्षं ये-जा केली.

गेल्या दिवाळीत जुना लॅपटॉप गेला. नव्यावर सगळ्या फायली आल्या, पिवळी खिडकी आली नाही. म्हणजे आली, पण उघडेना. वीस सेक्टरातल्या कॉम्प्युटरवाल्याने ती सीडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, “आंटीजी, इसको तो अब फ्रेम करवा लो.” मला राग आला. त्याच्यावर नाही, तो खरंच बोलत होता. मला राग आला तो बनवणाऱ्याचा. त्याची वेबसाइट बंद, पत्ता नाही, शेवटची सुधारणा केव्हाची तर माझी मुलगी शाळेत होती तेव्हाची. माणसाने असं लोकांना सवय लावून नाहीसं होऊ नये.

दोन महिने मी तसेच काढले. लागेल ते नव्याने लिहिलं, लाडवांचं प्रमाण बहिणीला फोन करून विचारलं. पुढेही तसेच काढले असते. पण आई आली.

थंडीत शहाणी माणसं दक्षिणेला जातात. माझी आई शहाऐंशीव्या वर्षी सांगलीहून उत्तरेला आली. दादा-वहिनी सांगलीचा फ्लॅट आवरून पुण्याला, त्यांच्या मुलाजवळ राहायला चालले होते. सामान हलेपर्यंत दोन महिने आई माझ्याकडे, असं ठरलं. त्यानंतर पुणे की चंडीगड, ते तिने ठरवायचं. आई प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती. आता तिला समोरच्या माणसाची कड दिसते, चेहरा दिसत नाही. इथे बत्तीस सेक्टरात डोळे दाखवले. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन सांगितलं की आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. आई म्हणाली, “बरं. आहे त्यात भागवू.”

पण आई पाहुणीसारखी राहत होती. तिची बॅग पलंगाखाली तशीच. रोज त्यातून एक लुगडं काढायची, धुतलेलं घडी घालून पुन्हा त्यातच ठेवायची. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. तिने त्यात फक्त दातांची डबी ठेवली. मी म्हटलं, “आई, इथेच राहा आता.” ती म्हणाली, “बघू.” आईचं ‘बघू’ म्हणजे काय ते आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक आहे. ते ‘नाही’चं माहेर आहे.

एका सोमवारी चहा पिताना ती म्हणाली, “मला एक सांग. तू मला तुझ्याकडे राहायला ये म्हणून पत्र लिहिलं होतंस. ते बाबा असताना, की गेल्यावर?”

मी तिला पत्रं लिहायची, ती याच कॉम्प्युटरवर. घरी फोन होता, पण फोनवर बोलताना बाबा शेजारी घड्याळ धरून उभे राहायचे. शिवाय आईचे डोळे तेव्हाच कुरकुर करायला लागले होते. म्हणून मी मोठ्या अक्षरांत टाइप करून, छापून पाठवायची. चारशेच्या वर पत्रं असतील. तिच्याकडच्या छापील प्रती कृष्णेच्या पुरात भिजून लगदा झाल्या. आता जी काही होती ती माझ्याकडे, अकरा हजार फायलींच्या ढिगात, कुठेतरी.

“आठवत नाही गं,” मी म्हटलं. “पण त्याने काय फरक पडतो?”

“पडतो,” आई म्हणाली. “नवरा गेल्यावर आईला सगळेच बोलावतात. ती सोय झाली. त्याच्या आधी बोलावलं असशील तर ते बोलावणं.” मग चहाचा कप चाचपून खाली ठेवला आणि म्हणाली, “सोय तर दादाकडेही आहे. मुलाकडची सोय असताना लेकीकडची कशाला घेऊ? रविवारी त्याचा फोन येईल तेव्हा मला त्याला सांगायचंय.”

मी घाबरले. कारण मला खरंच आठवत नव्हतं. बाबा गेले त्याला अठरा वर्षं झाली. ते गेल्यानंतर मी तिला ‘ये, ये’ म्हणून कितीदा लिहिलं ते आठवतं. त्याआधी लिहिलं होतं का? तेव्हा मी चाळिशीची, एका पोस्टिंगवरून दुसऱ्या पोस्टिंगवर ट्रंका बांधणारी. आईची आठवण मला तेव्हा मुलीच्या तापात आणि लोणच्याच्या दिवसांतच यायची, असं मला स्वतःबद्दल वाटत होतं.

“पत्रात काय होतं, काही आठवतं?” मी विचारलं.

“त्यात बाळंतपण हा शब्द होता, तेवढं पक्कं. बाकीचे शब्द माझ्याकडून गेले.”

यजमानांनी रात्रीच्या जेवणाआधीच उपाय सांगितला. “आधी, म्हणून सांगून टाक. त्यांनाही बरं वाटेल.” मी म्हटलं, “अहो, ती मुख्याध्यापिका आहे. चाळीस वर्षं पोरांचं पोट दुखतंय की गृहपाठ झालेला नाही, ते चेहरा न बघता ओळखत आलीये.” मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला: रोज दोन हजार फायली उघडायच्या, शनिवारपर्यंत संपतील. असा हिशोब फक्त फौजी माणूस मांडू शकतो.

मंगळवारपासून मी पिवळ्या खिडकीच्या जागेसाठी मुलाखती सुरू केल्या.

पहिला प्रोग्रॅम मुलीने बंगळुरूहून सुचवला. तिला मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. आमचं असंच चालतं. “मम्मा, ये सबसे फास्ट है, पक्का.” फास्ट होता. अक्षर लिहायच्या आत उत्तर देत होता. पण तो फक्त फायलींची नावं बघायचा, पोटात डोकवायचा नाही. माझ्या एकतीस ‘नवीन’ त्याने क्षणात ओळीने उभ्या केल्या आणि माझ्याच घरात माझी शोभा केली.

दुसऱ्याने सांगितलं की आधी मी तुमची सगळी डिस्क वाचून घेतो. बुधवारी सकाळी वाचायला बसला तो संध्याकाळी उठला. मग मी रकान्यात आमच्या फॉन्टमधलं ते कडबोळं चिकटवलं, तर त्याने विनयाने विचारलं, ‘तुम्हाला असं म्हणायचं होतं का?’ आणि एक इंग्रजी शब्द पुढे केला. मी त्याला मराठीत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्याला माझा ईमेल हवा होता, फोन नंबर हवा होता आणि माझ्या फायली त्याच्या घरी नेऊन ठेवायच्या होत्या. माझ्या आईची पत्रं परक्याच्या माडीवर कशाला? त्याला दारातूनच वाटेला लावलं.

शेवटी गुरुवारी, असल्या प्रोग्रॅमांबद्दल लोक जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात अशा एका पानावर, मला एक गृहस्थ भेटले. भेटले म्हणजे त्यांचं लिहिणं भेटलं. पिवळ्या खिडकीचं नाव घेऊन त्यांनी लिहिलं होतं की ती गेल्यापासून मला घर लागत नाही, कुणी तिच्यासारखं दुसरं सांगेल का? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जगाच्या पाठीवर कुठेतरी माझ्यासारखाच एक पसारेवाला बसला होता आणि त्याचीही खिडकी गेली होती. खाली कुणीतरी त्याला एका प्रोग्रॅमचं नाव दिलं होतं, आणि त्याच्याही खाली त्या गृहस्थांनी नुसतं ‘धन्यवाद, झोप लागेल’ एवढंच लिहिलं होतं.

तो प्रोग्रॅम मी घेतला. दिसायला राखाडी. सरकारी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाला तोंड फुटलं तर असं दिसेल. पण फुकट, छोटा, आणि कसलाही प्रश्न न विचारणारा. रकान्यात मराठी दिसत नाही एवढंच. त्यावर मीच युक्ती काढली: शब्द आधी दुसऱ्या फायलीत आमच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहायचा, तिथून उचलायचा आणि रकान्यात सोडायचा. रकान्यात कडबोळं दिसतं, पण राखाडी बाबाला त्याचं काही नाही. ‘कोथिंबीर’ सोडून पाहिलं. चौसष्ट फायली. पहिली उघडली तर कोथिंबीर वडी. मी टाळीच वाजवली. यजमान धावत आले, त्यांना वाटलं कबुतर आत शिरलं.

मग ‘बाळंतपण’ लिहिलं, उचललं, सोडलं.

दोन फायली. एकीत डिंकाचे लाडू. दुसरी, मी एका संस्थेसाठी अनुवाद केलेली आरोग्याची पुस्तिका. पत्र नाही. एकसुद्धा नाही.

प्रोग्रॅम चुकत नव्हता, हेच वाईट होतं. ‘थंडी’ टाकलं तर शेकड्याने पत्रं आली. तीन-चार उघडून आईला वाचूनही दाखवली. तिला मजा वाटली. म्हणजे पत्रं जागेवर होती, शोधणारा कामाचा होता. मग उरलं काय? मी असं पत्र लिहिलंच नव्हतं. आईने बहुधा दुसऱ्या कुणाच्या बोलावण्यावर माझं नाव घातलं होतं, आणि वीस वर्षं मनात जपलं होतं. त्या रात्री मी नीट जेवले नाही. आईला मी एवढंच सांगितलं की शोधतेय. ती म्हणाली, “शोध,” आणि लुगडं घडी करून बॅगेत ठेवलं.

शनिवारी ऊन पडलं. इथे जानेवारीत आठवडाभर धुक्यात काढल्यावर ऊन पडलं की सगळी सोसायटी खुर्च्या घेऊन बाहेर येते. आई बाल्कनीत बसली होती. शेजारच्या भाभीजी वाटीभर गाजरहलवा घेऊन आल्या. त्या पंजाबी बोलतात, आई मराठी. दोघींना एकमेकींचं अर्धंच कळतं आणि दोघींची त्याबद्दल तक्रार नाही. भाभीजी म्हणाल्या, “बीजी, मैं त्वाडे नाळ बैठांगी थोड़ी देर.” आणि खुर्ची ओढून बसल्या.

आईचा चेहरा एकदम उजळला. मला हाक मारून म्हणाली, “अगं, ऐकलंस का? ही बाई ळ म्हणते! चांगला स्पष्ट, खणखणीत ळ. तुझ्या लेकीला अजून येत नाही. स्वतःच्या बाळालाही ‘बाल’ म्हणून हाक मारते.”

“पंजाबीत असतो ळ,” मी म्हटलं. “हिंदीत नसतो.”

“आणि तुझ्या पत्रांत नसायचा,” आई म्हणाली.

मी भाभीजींसाठी चहा ओतत होते. किटली खाली ठेवली. “काय नसायचा?”

“ळ. किती वर्षं तू सगळीकडे ल लिहायचीस. मला वाटलं हिंदी मुलखात राहून पोरीची जीभ गेली. मी प्रत्येक पत्र लाल पेनने तपासून मग बाबांना वाचायला द्यायची. नागपूरला तुमची बदली झाली तेव्हा कुठे ळ आला तुला.”

आणि मला सगळं आठवलं. मराठी टाइप करायला मला राजस्थानातल्या त्या स्टेशनवरच्या हिंदी टायपिस्टने शिकवलं होतं. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर, असा एक कागद त्याने मला दिला होता, आणि तो हिंदीचा होता. त्यात ळ नव्हता. माझी समजूत अशी की कॉम्प्युटरला ळ येतच नाही, आणि आहे त्यात भागवायची तर आमच्या घराची रीतच. पुढे नागपूरला कुणीतरी हसून ळची कळ दाखवली आणि मी ते जुनं सगळं इतकं विसरले, की परवा तीच पत्रं आईला वाचून दाखवताना डोळ्यांनी ल बघत होते आणि तोंडाने ळ म्हणत होते. माझं मलाच कळलं नाही.

“मग तू कधी बोलली का नाहीस?” मी विचारलं. “एवढी वर्षं! एकदा लिहायचंस तरी!”

“पत्र लिहिणाऱ्याच्या चुका काढल्या की पत्रं यायची थांबतात,” आई म्हणाली. “शाळेतली पोरं वेगळी. त्यांना यावंच लागतं.”

भाभीजी आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. मी त्यांच्या हातात कप दिला आणि आत पळाले. ‘बालंतपण’. लिहिताना बोट अडखळलं. इतकं अशुद्ध लिहायला साठीत जड जातं. उचललं. राखाडी बाबाच्या रकान्यात सोडलं.

एक फाइल. नाव अर्थातच ‘नवीन सात’.

ती उघडायच्या आधीच मला उत्तर जवळजवळ कळलं होतं. ळ मला नागपूरला आला. नागपूरची बदली बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीची. ज्या पत्रात बाळंतपण लने लिहिलेलं आहे, ते बहुतेक आधीचंच. तरी मी ते उघडलं आणि पहिल्यांदा एकटीने वाचलं. मला रडू आलं. आईला बोलावल्याचं पत्र सापडलं यापेक्षाही, मी चांगली मुलगी होते हे कळल्याचं ते रडू होतं. लपवण्यात अर्थ नाही. चाळिशीतली ती बाई माझ्या समजुतीपेक्षा बरी निघाली.

लॅपटॉप घेऊन मी बाल्कनीत गेले. भाभीजी गेल्या नव्हत्या. यजमान दारात येऊन उभे राहिले. मी आईला म्हटलं, “सापडलं. आता जसं लिहिलंय तसंच वाचते. मध्ये लाल पेन काढू नकोस.”

“वाच,” आई म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली, वर्गात परीक्षक आल्यावर बसायची तशी.

“‘ती. आईस सा. न. वि. वि. तू माझ्याकडे दोनदा आलीस. एकदा माझ्या बालंतपणाला आणि एकदा माझं ऑपरेशन झालं तेव्हा. दोन्ही वेलेला तू स्वयंपाकघरात आणि मी पलंगावर. तू कशी दिसतेस तेसुद्धा मी धड पाहिलं नाही. आता बालंतपण नाही, दुखणं नाही, कुणाची मुंजसुद्धा नाही. अशीच ये. सकाली अंगणात मोर येतात, ते आपण दोघी बघत बसू. स्वयंपाक करायचा नाही. बाबा यायला तयार नसतील तर त्यांना दादाकडे ठेव. त्यांना वेलेवर चहा मिलाला की पुरतं.’”

“बाबांना मी ते वाचून दाखवलं होतं,” आई मध्येच म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “ते म्हणाले, जा की, मी चहा करून घेईन. मीच नाही आले. मला वाटलं, काही काम नसताना कसं जायचं लेकीकडे?”

यजमानांनी पुढे होऊन आईच्या खांद्यावरची शाल नीट केली. ते असल्या वेळी काही बोलत नाहीत; जागेवर नसलेली वस्तू जागेवर ठेवतात.

“अजून आहे का काही?” आईने विचारलं.

“एकच ओळ,” मी म्हटलं आणि वाचली, लिहिली होती तशीच. “‘कधी येतेस ते कलव.’”

“कळव,” आई म्हणाली.

“कळव,” मी म्हटलं.

आईने उन्हाकडे तोंड केलं. मग माझा हात शोधून धरला.

“पलंगाखालची ती बॅग रिकामी कर,” ती म्हणाली. “आणि दादाला कळव, आले म्हणून.”